साहेबांची गाडी

आमच्या धाकट्या भावाला घरात सगळे 'साहेब' म्हणतात. कचेरीत तो साधा कारकून होता, पण भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी पेन्सिलीने खूण करणार, फुंकर मारणार, मग ठोकणार. आणि एवढं करून वाकडाच! मी चाळीस वर्षं गाड्यांचा डेंटर. पत्रे ठोकून ठोकून माझे कान गेले. आणि वडील जाताना आपली जुनी गाडी कोणाला देऊन गेले? साहेबांना. मला म्हणाले, "तू रोज लोकांच्या गाड्या बडवतोस, तुला काय तिचं कौतुक!" ते बोलणं माझ्या घशाखाली अजून उतरलेलं नाही.

गाडी गंजाने पोखरलेली. साहेब निवृत्त झाले आणि घरामागच्या शेडमध्ये त्यांनी ती पुढूनमागून लोखंडी घोड्यांवर चढवली. आईला पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला वडिलांच्या गाडीतून फिरवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. आईचे गुडघे धरलेले, डोळ्यांना धड दिसत नाही, तरी रोज विचारायची, "झाली का रे गाडी?"

दीड वर्ष तो तेलाच्या डब्यांच्या पत्र्यावर वेल्डिंग शिकला. बोटं भाजली, एक भुवई जळाली. त्याची बायको म्हणायची, "भाऊजी, जरा समजवा हो यांना." मी कशाला समजावू? लांबी थापून गंज झाकणारे कारागीर मी पैशाला पासरी पाहिलेत. हा मात्र चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचा. मागचं मडगार्ड त्याने असं झकास बसवलं की माझा जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू?

मग दाराखालच्या पत्र्यांची पाळी आली. त्या गाडीचं सगळं अंग या दोन पोकळ पट्ट्यांवर तोललेलं. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा गज जोडून टेकू द्यायचा आणि एका वेळी एकच बाजू घ्यायची, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. साहेबांनी दारं काढून ठेवली आणि टेकू न देता दोन्ही बाजू कापल्या. मी तिथेच उभा होतो.

"दादा, बरोबर चाललंय ना?"

"चालू दे," मी म्हणालो.

गाडी मधोमध बोटभर खचली, दारांच्या चौकटी आवळल्या. त्याला दिसलं नाही, मला दिसलं. तशा खचलेल्या गाडीलाच त्याने नवे पत्रे जोडले आणि रंग दिला.

वाढदिवसाच्या सकाळी आईला ठेवणीतला स्वेटर घालून शेडसमोर खुर्चीत बसवलं. दारांचा रंग आदल्या दिवशीपर्यंत वाळत होता, ती साहेबांनी आत्ता लावली. दार काही बंद होईना. चार बोटं बाहेरच. त्याने खांदा लावला, गुडघा लावला. नव्या रंगाचे टवके उडाले.

"कसला आवाज येतोय रे?"

"काही नाही आई, दोनच मिनिटं."

दोन तास गेले. आईला उन्हाने घेरी आली, तिला उचलून आत न्यावं लागलं. पलंगावर पडल्या पडल्या ती म्हणाली, "दादाच्या हातात दिली असती तर केव्हाच झाली असती. याला मेल्याला काय येतंय!"

हे ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो. साहेब उशाशीच उभे होते. त्याचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दादा, चुकलं कुठे रे?"

आता तरी सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं.

"पत्रा हलका होता," मी म्हणालो.

आठवड्याने जाड पत्रा आला. साहेबांनी गाडी परत घोड्यांवर चढवली, दारं काढून भिंतीला टेकवली. चौकटीत टेकू याही वेळी नव्हता. मला हाताला धरून शेडमध्ये नेलं आणि स्टूल पुसून दिलं.

"या वेळी तू समोर बस. तू असलास की चूक व्हायची नाही."

मी बसलो आणि त्याने पट्टी कापायला घेतली.