तांब्याच्या प्लेटवरची फुली
घराला रंग लावायला घेतला आणि टर्पेंटाइनच्या वासासरशी मला बुधवार पेठेतला तो अरुंद जिना आठवला. खाली विजेच्या सामानाची दुकानं, वर एका चित्रकार बाईंचा स्टुडिओ. तांब्याच्या कोरलेल्या प्लेटवर शाई भरून बाई कागदावर छाप घेत आणि छाप वाळला की त्यावर दुकानांनी टाकून दिलेल्या तारांचे तुकडे चिकटवत. चित्रात ना माणूस ना झाड, पण नजर हलत नव्हती. एका प्लेटवरून पंचवीसच प्रती काढायच्या, असा बाईंचा नियम; त्यातली शेवटची मी घेतली, तेवढ्यात एक हॉटेलवाले आले. त्यांना प्रत्येक खोलीत तेच चित्र हवं होतं. बाई म्हणाल्या, “अहो, या ताईंना आत्ताच शेवटची म्हणून दिली.” “पण प्लेट आहे ना तुमच्याकडे?” “आहे की,” म्हणत बाईंनी सुई उचलली आणि महिनोन् महिने कोरलेल्या त्या तांब्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत करकरत फुली ओढली. “हं, आता बोला.” गृहस्थ जिना उतरले. आज रंगारी चित्र परत टांगताना म्हणाला, “ताई, वरची बाजू कुठली?” चित्र मला अजूनही कळलेलं नाही. मी कोपऱ्यातल्या पेन्सिलच्या सहीवर बोट ठेवलं. “ही खाली घ्या. आणि जपून हो, दुसरं मिळणार नाही.”