शाळेची मुदत ठेव

"साहेब, यंदा पाऊस लई चांगला झाला. शाळा आता चालायची न्हाई," गुरुजी म्हणाले. चेहरा सुतक पडल्यासारखा.

मी बीडचा सीए. धारूरच्या बाजूला एका बौद्ध ट्रस्टची शाळा होती. विनाअनुदानित, म्हणजे सरकारचा छदाम नाही. तिचं ऑडिट मी फुकट करायचो. गुरुजी ट्रस्टचे अध्यक्ष.

शाळेची ठेव पूर्वी एका सहकारी पतसंस्थेत होती. पतसंस्था बुडाली, ठेव गेली. पुढं दुष्काळ पडला. गावच्या सोसायटीनं शाळेच्या मैदानावर चारा छावणी टाकली. भाडं द्यायला सोसायटीकडं पैसे कुठले? म्हणून ठरलं, जनावरांचं शेण शाळेचं. थोडं थोडं विकून दुष्काळभर पगार वेळेवर झाले. पाऊस पडला, जनावरं घरी गेली आणि पगार थांबले.

"शिल्लक काहीच नाही?" मी विचारलं.

गुरुजींनी मला शाळेमागं नेलं. ताडपत्रीखाली छपराला टेकेल एवढा ढीग.

"ही मुदत ठेव. मोडायची न्हाई. पतसंस्था बुडती साहेब, शेण बुडत न्हाई."

विकून उरलेला माल म्हणजे क्लोजिंग स्टॉक. ऑडिटरनं तो स्वतः बघायचा असतो. बूट काढले, टेप घेऊन चढलो. खिडकीतून अख्खा वर्ग बघत होता. गुडघ्यापर्यंत आत गेलो तेव्हा खात्री पटली, स्टॉक अस्सल आहे.

खाली उतरून गुरुजींना सांगितलं, रब्बी तोंडावर आहे, खताला भाव आहे, विकून टाका. ते ढिम्म. गणिताच्या सुजाताबाई थांबलेल्या पगाराला कंटाळून पुण्याला कंपनीत निघाल्या होत्या. त्या गेल्या तर दहावीला गणित शिकवायला कुणी नव्हतं. हे ऐकूनही गुरुजींचं एकच, ठेव मोडायची न्हाई. माझं डोकंच फिरलं.

शेवटी बाईच पुढं आल्या. "नका मोडू, गुरुजी. माझा थकलेला पगार शेणातच द्या. माझ्या भावाचं रान हाय."

गुरुजींचा चेहरा उजळला. पगार देणं म्हणजे काही ठेव मोडणं नव्हे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या शिक्षकांच्या ट्रॉल्या शाळेमागं रांगेत. शेणावर टीडीएस कसा कापायचा, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

बाई राहिल्या. भावाची ज्वारी अशी पिकली की त्यानं शाळेला दोन पोती दान दिली. गुरुजींनी मला बजावलं, हे व्याज म्हणून लिहा.

ठेवी कुजताना मी जन्मभर पाहिल्या. कुजून किंमत वाढलेली ही एकच.