दिल्या घरची गाडी

गाडी विकली की तिचे किस्से संपतात, असा माझा समज होता. साफ चुकीचा निघाला. गाडी माझ्याकडे नऊ वर्षं होती, त्या काळातले किस्से जेमतेम चार. विकून तीन वर्षं झाली आणि आता दर महिन्याला एक नवीन! फरक इतकाच की या किश्शांत मी नसतो. लॅन्सी असतो.

लॅन्सी म्हणजे मरोळ गावठाणातला लॅन्सी. शाळेत पीटीचा सर होता, त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशीही मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभा असल्यासारखा बोलतो. माझी गाडी त्याने घेतली. मी मुलुंडचा, बँकेतून व्हीआरएस घेतलेला, घरी आई आणि बायको. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी लॅन्सीवर जळतो. चांगला जळतो. माणूस सोन्यासारखा आहे, हीच तर खरी अडचण आहे!

* * *

गाडी अमेरिकन कंपनीची. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. ही कंपनी आपल्याकडे फार जुन्या काळात आली, गेली, परत आली, परत गेली. आमच्या घराशी तिचा संबंध मात्र पहिल्या खेपेपासूनचा.

आमचे आप्पा घाटकोपरच्या एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठची गाडी याच कंपनीची, बोटीएवढी लांब. आप्पा रोज सकाळी पिवळ्या फडक्याने ती पुसायचे. एकदा शेठ गावाला गेले होते, तेव्हा आई म्हणाली, "एक चक्कर मला पण मारून आणा ना."

आप्पा म्हणाले, "मालकाची गाडी आहे. तू लांबून बघ."

आईने लांबून बघितली. तीस वर्षं बघितली.

म्हणून कंपनी परत आली, इथेच कारखाना काढून गाड्या बनवायला लागली, तेव्हा मी बाकी कुठल्या शोरूमची पायरी चढलोच नाही. गाडी घेतली आणि आईला पुढच्या सीटवर बसवलं. आप्पा तोवर गेलेले. शोरूमपासून मुलुंडपर्यंत आई दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली. खाली उतरल्यावर पदर सारखा केला आणि म्हणाली, "असं बसायची होय शेठाणी!"

* * *

मग एके दिवशी सकाळी बातमी आली, कंपनी इथला धंदा गुंडाळतेय.

माझं तर धाबंच दणाणलं. पार्ट मिळणार नाहीत, सर्व्हिसिंग बंद, वाट लागली! त्याच संध्याकाळी घाटकोपरच्या मेहताने उपनगरातल्या सगळ्या मालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. नाव ठेवलं 'पोरके'. त्याचा पहिला मेसेज होता, "घाबरायचं नाही, गाडी विकायची नाही." मी तो वाचला, घाबरलो आणि पंधरा दिवसांत गाडी विकायला काढली.

बघायला लॅन्सी आला. सीटवर बसला, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि म्हणाला, "घेतली."

"अरे, टेस्ट ड्राइव्ह तरी घे!"

"मुलगी बघायला आलोय रे, पळायला कशाला लावू?"

पीटीचा मास्तर हे बोलतो! आईने मात्र ते फार मनावर घेतलं. गाडी न्यायच्या दिवशी तिने बॉनेटला हळदकुंकू लावलं, पुढच्या सीटवर नारळ आणि खण ठेवून गाडीची चक्क ओटी भरली. "दिल्या घरी सुखी राहा गं बाई," म्हणाली. लॅन्सीने क्रूसाची खूण केली आणि हातही जोडले. मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा! हे वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत टिकलं.

* * *

सातला लॅन्सीचा फोन.

त्याचं असं होतं की माझ्या हाताला ती गाडी कधी पहिल्या चावीला सुरू झाली नाही. पहिल्या चावीला खोकायची, दुसऱ्याला कण्हायची, तिसऱ्याला उठायची. नऊ वर्षं हाच नेम. मी लॅन्सीला प्रामाणिकपणे सांगून ठेवलं होतं, "तिसरीला होते. शिव्या देऊ नकोस."

"विलास, कुठली तिसरी चावी?" लॅन्सी फोनमध्ये ओरडत होता. "पहिल्याला झाली!"

"योगायोग असेल."

दुसऱ्या दिवशी परत फोन. "आज पण पहिल्याला!" तिसऱ्या दिवशी पण. माणूस चांगल्या मनाने कळवत होता हो! आपल्या गाडीची खुशाली ऐकून मला बरं वाटेल, असं त्याला वाटत होतं. आठव्या दिवशी मी म्हणालो, "लॅन्सी, मला सकाळी कामं असतात." मला कसलंही काम नव्हतं.

* * *

गाडीच्या मागच्या काचेवर मी 'आईची कृपा' असं लावलं होतं. लॅन्सीने ते काढलं नाही. आरशाला रोझरी लटकवली, आणि मागे 'आईची कृपा' तसंच.

अंधेरीला सिग्नलवर हवालदाराने थांबवलं. लायसन्स बघितलं, रोझरी बघितली, गाडीच्या मागे जाऊन काच बघितली आणि परत खिडकीशी आला.

"कुठली आई?"

"मुलुंडची," लॅन्सी म्हणाला.

"मुलुंडला कुठलं देऊळ?"

"देऊळ नाही साहेब, तिसरा मजला. सुमनकाकी. मोदक झकास करते."

हवालदाराने सोडून दिलं. ही गोष्ट लॅन्सीने आईला फोन करून सांगितली. आई इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मला म्हणाली, "तुला कधी पकडलं होतं का रे?"

मी कायम सिग्नल पाळला, हा माझा गुन्हा!

* * *

तशी नवी गाडी घेतली मी. चांगली आहे. अ‍ॅव्हरेज चांगलं, एसी चांगला, तीन वर्षांत एकदाही बंद पडली नाही. तिचा एकही किस्सा नाही. आई तिच्यात बसते, पण तिला गाडी म्हणत नाही. 'ते' म्हणते. "ते बाहेर काढ, बाजारात जायचंय."

गेल्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी सकाळी 'ते' पुसून खाली तयार ठेवलं. आई जिना उतरली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाच मिनिटं थांबू या. गाडी येतेय."

"कुठली गाडी?"

"आपली."

मरोळहून लॅन्सी येत होता! आईने आदल्या दिवशी परस्पर फोन केलेला. गाडी गेटमधून आत आली. धुतलेली, चकचकीत, आणि माझ्या हातून डाव्या दाराला पडलेला पोचा पण लॅन्सीने काढून घेतलेला. आई पुढच्या सीटवर बसली. मी मागे बसलो. माझ्याच गाडीत, आयुष्यात पहिल्यांदा, मागे! लॅन्सीने चावी मारली. पहिल्याला झाली, हे वेगळं सांगायला नको.

डॉक्टरने पट्टी काढल्यावर आईला पहिला कोण दिसला, तेही मी सांगणार नाही.

* * *

आता तुम्ही विचाराल, गाडी विकल्यावर मी 'पोरके'मध्ये अजून कसा? बरोबर आहे. नियम असा होता की ज्याने गाडी विकली त्याने ग्रुप सोडायचा. पण मला काढता येत नव्हतं.

पार्ट मिळेनासे झाल्यावर मेहताने एक पद्धत पाडली. तिला आम्ही 'सांभाळ' म्हणतो. बाजारात एखादा दुर्मीळ पार्ट दिसला की सगळ्यांनी मिळून घ्यायचा आणि कुणातरी एकाच्या घरी ठेवायचा. एकाच्या पलंगाखाली हेडलाइट, एकीच्या देवघराशेजारी क्लच प्लेट. मेहताच्या वहीत सगळ्याची नोंद. ज्याची गाडी अडेल त्याने मागायचं, आणि ज्याच्याकडे पार्ट असेल त्याने त्याच दिवशी द्यायचा. का, कशाला, विचारायचं नाही. आख्ख्या ग्रुपमध्ये एकच नवा फ्युएल पंप होता, आणि तो माझ्या माळ्यावर होता. मेहता म्हणाला, "विलासभाई, तुमची गाडी गेली, पण माळा आपला आहे. तुम्ही राहा."

म्हणजे मी राहिलो तो माळ्यामुळे!

महिन्यातून एका रविवारी सकाळी गोरेगावला सगळे जमतात. गाड्या ओळीने लावतात, बॉनेटं उघडतात, चहा होतो. मला डायबिटीस, माझा चहा बिनसाखरेचा, हे तिथल्या टपरीवाल्याला सुद्धा पाठ आहे. पण मी पहिल्यांदा 'ते' घेऊन गेलो तेव्हा मेहताने ओळीच्या बाहेर बोट दाखवलं. "तिकडे लावा. पाहुण्यांच्यात."

मी तिकडे एकटा उभा राहून बिनसाखरेचा चहा प्यालो आणि ओळीतल्या माझ्या गाडीकडे बघत राहिलो. तेव्हा एकदम आप्पांचं वाक्य आठवलं. तू लांबून बघ. त्या दिवशी मला स्वतःची खरीच लाज वाटली. आप्पांना गाडी परवडणारी नव्हती. मी तर हातातली घालवली, निव्वळ घाबरून. लॅन्सी घाबरला नाही, एवढीच काय ती त्याची हुशारी, आणि मला तीच सहन होत नव्हती. मला माझी गाडी परत हवी होती. पण मागायची कुठल्या तोंडाने?

* * *

गेल्या महिन्यातली गोष्ट. मंगळवारी ग्रुपवर लॅन्सीचा मेसेज आला. "गाडी बंद. मिस्त्री म्हणतो फ्युएल पंप गेला. कुणाकडे आहे?"

मेहताने लगेच लिहिलं, "विलासभाईंकडे."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला! पहिल्या चावीला होते ना? घे आता! मी सोफ्यावर पाय पसरून लिहिलं, "चिपळूणला आलोय गावी. रविवारी परत." आणि फोन बंद करून टाकला.

पण खोटं बोलणं सोपं, ते निभावणं कठीण. ग्रुपमधले चार जण मुलुंडचेच. त्यामुळे खाली उतरायची सोय नाही, भाजी नाही, फिरणं नाही. आईला सांगून ठेवलं, "कुणी विचारलं तर मी चिपळूणला."

"आणि पंप?"

"माळ्यावर."

आई मटार सोलत होती. ती मटारांनाच म्हणाली, "पोर आजारी पडली, तर माहेरचं औषध कुणी अडवून धरत नाही." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

गुरुवारी बायको ऑफिसला गेलेली. मी बाथरूममध्ये दाढी करत होतो. अर्ध्या गालाला फेस, तेवढ्यात बेल वाजली. आईने दार उघडलं आणि तो आवाज घरात शिरला.

"काकी! एकट्याच ना? बायकोने तांदळाच्या भाकऱ्या दिल्यात आणि बोंबलाचं लोणचं. रिक्षाने आलो. गाडी नाही ना."

मी नळ बंद केला. श्वाससुद्धा बेताने घ्यायला लागलो.

"विलास रविवारी येणार ना?" लॅन्सीचा आवाज. "वाईट वाटतं काकी, त्याच्याशी अर्जंट बोलायचं होतं. पोरगी कॅनडाला बोलावतेय. आम्ही दोघं जातोय, कायमचे. गाडी कुठे नेणार? मी म्हटलं ज्याची त्याला द्यावी. विलासलाच."

माझ्या हातातला रेझर तसाच राहिला.

"पण भांडुपचा एक माणूस मागे लागलाय. त्याला आज बाराच्या आत हो की नाही सांगायचंय. आता साडेअकरा झाले. विलासचा फोन लागत नाही, तो तिकडे चिपळूणला. काय करू, सांगा. देऊन टाकू भांडुपवाल्याला?"

भांड्यांचा आवाज आला. आई स्वयंपाकघरात गेली होती.

मी आरशात बघितलं. अर्धा चेहरा पांढरा, अर्धा घामाने निथळलेला. डोळ्यांपुढे आई पुढच्या सीटवर, पदर सारखा करणारी. आणि शेजारी भांडुपचा कोणी अनोळखी माणूस! मी दार धाडकन उघडलं.

"लॅन्सी! हो म्हणू नकोस त्याला! मी आलो!"

लॅन्सी सोफ्यावर आरामात बसला होता. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. बनियन, खांद्यावर टॉवेल, गालावरून ओघळणारा फेस.

"कुठून आलास?"

"चिपळूणहून. आत्ताच."

"प्रवास कसा झाला?"

"बरा झाला."

"बस मग, दमला असशील." लॅन्सीने सोफ्यावर बाजूला सरकून जागा केली. "पोरगी माझी वसईला असते रे. कॅनडाला कोण जातंय? चहा घे आणि माळ्यावर चढ."

तेवढ्यात आई ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये चहाचे वाफाळते कप होते तीन. त्यातला एक बिनसाखरेचा.