दोन चिपांच्या मधला माणूस

ऑफिसात त्यांना सगळे मामा म्हणायचे. नव्या लोकांना वाटे, वयाला मान म्हणून म्हणत असतील. मला त्यात 'मामा बनवणं'च जास्त ऐकू यायचं. मी टेस्टिंगला, माझं टेबल त्यांच्या शेजारी, त्यामुळे लोक त्यांना कसं राबवतात ते मला फुकटात बघायला मिळे.

आमचं मशीन म्हणजे नेटवर्कचा मोठा स्विच. त्यात दोन चिपा. पुढची चिप बाहेरून येणारी माहितीची पॅकेट्स घेते, मागची ती कुठे पाठवायची ते ठरवते. दोघींच्या मधे बारीक तारांची एक ओळ. प्रत्येक पॅकेटचे तुकडे होऊन सगळ्या तारांवरून एकदम धावतात आणि पलीकडे क्रमाने जोडले जातात. क्रम चुकला की पॅकेटचा भुगा. ही मधली ओळ हे मामांचं काम. चिपा दुसऱ्यांच्या, मधली जागा तेवढी त्यांची.

पुढच्या चिपचा प्रमुख भोंगा. आवाजामुळे नाव पडलेलं. मागच्या चिपची प्रमुख मॅडम. एका बढतीवरून दोघांचं बिनसलं ते इतकं, की विस्तव जाईना. भोंगा म्हणणार, "मामा, तिला सांगा," मॅडम म्हणणार, "मामा, त्याला विचारा." आईबापांत अबोला असलेल्या घरातल्या पोरासारखे मामा इकडून तिकडे. आणि इकडचं तिकडे सांगताना एक अक्षर गाळायचे नाहीत.

मग चिपा ज्यावर बसवायच्या त्या बोर्डाचं ड्रॉइंग आलं आणि घोडं अडलं. चिपा जिथे बसत होत्या तिथे तारांची ओळ उलटी पडत होती; पहिली तार शेवटच्या जागी, शेवटची पहिल्या. बोर्डावर तारा एकमेकींवरून नेल्या तर वेग निम्म्यावर येणार, आणि तसलं मशीन गिऱ्हाईक घेणार नव्हतं. गिऱ्हाईक एकच. ते गेलं की आमचा विभाग बंद, आणि डोकं पांढरं झालेल्या मामांना दुसरीकडे कोण उभं करणार? उपाय सोपा होता. दोघांपैकी एकाने आपल्या चिपच्या आत क्रम उलटा करून घ्यायचा.

"तिला करायला सांगा," भोंगा म्हणाला. "मी का वाकू?"

"त्यानं करावं," मॅडम म्हणाल्या. "दर वेळी मीच का?"

मामा खेटे घालत राहिले. भोंग्याच्या टेबलापाशी तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तो हलला नाही. मॅडमनी मान वर केली नाही. दोन्ही चिपांची एकत्र चाचणी संगणकावर आधीच उरकलेली होती, ती पुन्हा होणार नव्हती. चिपांचे आराखडे कारखान्यात गेले, आणि एकदा गेले की त्यांत बदल नाही. त्यानंतर मामा डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे.

चिपा बनून आल्या त्या सकाळी मात्र मामा लॅबमध्ये आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. भोंग्याने त्यांना जिन्यात गाठलं होतं. "मामा, तुमच्याकडे बघवेना हो. चिप जायच्या आधी केला मी क्रम उलटा. तुम्हाला बोललो असतो तर तुम्ही तिला सांगितलं असतं, आणि मी नमलो म्हणून ती हसली असती."

मामांनी तिथूनच बायकोला फोन लावला. "अगं, सुटलो," एवढंच म्हणाले. भोंग्याला आजवर घातलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

बोर्ड चालू केला. दोन्ही चिपा जाग्या झाल्या, पण मधली ओळ जुळेना. पुन्हा चालू केला. एकेक तार तपासली. पॅकेट इकडून धड निघायचं आणि तिकडे भुगा.

मागे मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या. "असं कसं?" त्या हळूच म्हणाल्या. "मामा, तुमचे हाल बघून शेवटी मीच क्रम उलटा करून घेतला होता. फक्त कुणाला बोलले नव्हते."

एकाने सुलट केलेली ओळ दुसरीने पुन्हा उलटी केली होती. मामांवर त्या दोघांनी दया केली ती आयुष्यात एकदाच, आणि तीही दोघांनी मिळून. मामा स्टुलावर बसले. "दोघांनीही केलंत?" असं त्यांनी विचारलं, आभार मानायचे राहून गेल्यासारखं. मला रडू आवरेना.

गिऱ्हाईक गेलं, विभाग बंद झाला. मला दुसरं काम मिळालं. मामांना कुठे बोलावणं आलं नाही. भोंगा आणि मॅडम त्या दिवशी लॅबमध्येच कडकडून भांडले, मग रडले, मग चहाला गेले आणि पुढे दोघं एकाच नव्या कंपनीत लागले. मामा त्यांना भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होते.

"तिथे माझ्याजोगं काही?"

भोंगा इतक्या खालच्या आवाजात बोललेला मी कधी ऐकला नव्हता. "मामा, तिथे दोन्ही कामं एकाच चिपमध्ये आहेत. मधे काही उरलेलंच नाही. आणि आता आम्ही बोलतो की एकमेकांशी."

"बरं झालं," मामा म्हणाले. "बोलायला लागलात ते फार बरं झालं."

ते टोमणा मारत नव्हते. मारला असता तर निदान त्यांच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत जायला मला जमलं असतं.