ओक्सानाच्या आईकडून कालवण शिकताना

वसईकर मंडळींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

माझ्यासोबत नर्स असलेली युक्रेनची ओक्साना आज सुट्टी म्हणून इथे आखातात, अल मुंतझा भागातल्या आमच्या घरी आली होती. तिच्याकडचं बीफ-बटाट्याचं कालवण मला शिकायचं होतं. तिची आई तिकडून व्हिडिओ कॉलवर सांगत होती आणि ओक्साना मला इंग्रजीत समजावत होती.

बीफ परतून बटाटे टाकले, तेवढ्यात फोनमधून भोंगा ऐकू आला. ओक्सानाचा चेहरा पांढराफटक पडला. आई शांतपणे काहीतरी बोलली आणि कॉल बंद झाला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"तमालपत्र घाल, गॅस बारीक कर. हल्ल्याचा सायरन वाजलाय, मी तळघरात जाते."

पाऊण तास आईचा फोन लागत नव्हता. मी नुसती ओक्सानाचा हात धरून उभी होते. शेवटी आईचाच फोन आला. त्या सुखरूप होत्या. त्यांनी आधी विचारलं, बटाटे शिजले का?

ओक्साना डोळे पुसत म्हणाली, "आठवड्यातून तीन-चारदा असंच असतं."

दोन वर्षं आम्ही एकाच वॉर्डात आहोत. मी कधी विचारलंच नव्हतं. तुमच्या शेजारी काम करणाऱ्याच्या घरी काय चाललंय, तुम्हाला ठाऊक आहे का?