लाल तोंडाचा मुकादम

दुष्काळात माणसाचं तोंड लाल असणं हा गुन्हा असतो, हे मला थोरल्या भावामुळे कळलं. बहात्तरचा दुष्काळ होता. संगमनेरजवळच्या आमच्या गावातले निम्मे लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते आणि भाऊ तिथं मुकादम होता. मजुरांना वाटायची सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक खाऊ, त्याच्या ताब्यात असे. मिलोच्या, त्या अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाऊन बाकीच्यांची गालफडं बसलेली, याचे गाल मात्र टोमॅटोसारखे. "मुकादमाला सुकडी चांगली मानवली," असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो हसायचा. मला हसू येत नसे.

घरी आंघोळ झाली की तो अंग खाजवून खाजवून रडकुंडीला येई. डोकं सारखं ठणके. शेवटी मी त्याला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला, तपासला आणि सांगितलं, याच्या हाडांत गरजेपेक्षा फार जास्त रक्त तयार होतंय. रक्त असं दाट झालं की नसांत गुठळी होते. उपाय एवढाच, की मधून मधून बाटलीभर रक्त काढून टाकायचं आणि रक्त वाढवणारं काही खायला घालायचं नाही.

हे आईला कसं पटावं? "आख्खा गाव रगताबिगर वाळून चाललाय, आन् माझ्याच लेकाला रगत जास्ती झालं व्हय?" ती म्हणाली. भाऊ रक्त देऊन आला की ती कुठून तरी कलेजी पैदा करायची आणि गेलेलं रक्त भरून काढायची. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो. मी आरडाओरडा केला की म्हणायची, "तू माशे कापाया शिकतूस, मानसं न्हाई." भाऊ मुकाट्याने ताट संपवायचा. आईचं मन मोडवत नाही म्हणायचा. त्याच्या त्या मऊपणाचा मला अजून संताप येतो.

भादव्यात प्रवरेच्या डोहात गुडघाभर पाणी उरलं आणि त्यात कुणाला तरी मनगटाएवढा वाम सापडला. सापासारखा हा लांबडा मासा आमच्याकडे अशक्त माणसाला रक्त भरायला देतात. आईनं तो पदर पसरून मागून आणला. चिरायला मीच बसलो. पोटात अन्नाचा कण नव्हता, आतडी सुतळीसारखी आकसलेली, डोळे मात्र भलतेच मोठे. सरांनी शिकवलेलं आठवलं. वाम जन्मतो समुद्रात, नदीनं वर येतो, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढतो. मग एका पावसाळ्यात खाणं सोडतो, त्याचे डोळे मोठे होतात आणि पुराबरोबर तो अंडी घालायला शेकडो मैलांवरच्या समुद्राकडे निघतो. हा सगळी तयारी करून बसला होता, पूरच आला नव्हता. मी हे आईला सांगितलं. "मंग बरंच झालं की, आपल्याला गावला," असं म्हणून तिनं कालवण चुलीवर ठेवलं.

दिवाळीनंतर भावाचं पोट फुगायला लागलं. डॉक्टर म्हणाले, यकृतातून निघणाऱ्या नसेत गुठळी झाली आहे, या आजारात असं क्वचित होतं. त्या क्वचितात नेमका माझा भाऊ सापडला. गाल बसले, हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट तेवढं घागरीएवढं. गावाला डॉक्टरची गरजच नव्हती. पोटात पाणी कशानं होतं, हे सगळ्यांना पाठ होतं. मुकादम सुकडी विकून दारू प्यायचा, असं ठरलं. ज्यानं आयुष्यात दारूला हात लावला नाही, तो माझा भाऊ ही कुजबुज ऐकत मार्गशीर्षात गेला.

दहाव्याला त्याच डोहाच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. मी हात जोडून म्हणालो, आईला सांभाळीन. कावळे झाडावरून हलले नाहीत. ऊन चढलं, लोक चुळबुळ करू लागले.

"उगा टाइम कशाला घालवायचा?" मागून एकजण म्हणाला. "त्याला काय लागतं ते समद्यांना ठावं हाय." लगेच कुणीतरी धोतराच्या सोग्यातून बाटली काढली. पेल्यात दारू ओतली आणि पेला पिंडाशेजारी ठेवला.

मी तो पेला लाथाडायला धावलो. आईनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "शिवू दे एकदाचा."

माणसं मागं सरली आणि कावळा खाली उतरला. त्यानं पिंडाला चोच मारली. "बघा," मागचा म्हणाला. सगळे निवांत चपला शोधायला लागले. दहा दिवसांत पहिल्यांदा आईचा चेहरा सैल झाला होता, आणि ती त्या कावळ्याला हात जोडत होती.