पिठल्यावरची भाकरी
पिठल्याचा वास आला की मांडवगणची शाळा आठवते. भूकंपात घर पडलं, आई गेली, मी तेवढी वाचले. मामानं मला तिथं, त्याच्या घरी आणलं. "पांढऱ्या पायाची हाय," बायका कुजबुजायच्या आणि मी घरातही अंग चोरून वावरायचे. भूगोलाच्या बाईंनी एकदा भूकंपाचा धडा शिकवताना डब्यातल्या घट्ट पिठल्यावर भाकरीचे दोन तुकडे ठेवले आणि मला ते एकमेकांकडं रेटायला सांगितलं. पळून जावंसं वाटलं, पण दारापर्यंत पोरं गोळा झाली होती. रेटता रेटता भाकरी तडकली. "पृथ्वीचे भूपट्टही असेच एकमेकांना रेटतात, मग जमीन हादरते," बाई म्हणाल्या. "मंग भूकंप कुणामुळं व्हत न्हाई?" मी विचारलं. "कुणामुळंच नाही, बाळा." आता मी आईच्या वयापेक्षा मोठी झाले, तरी ते उत्तर स्वतःला अधूनमधून ऐकवावं लागतं.